नर्मदेच्या पाण्यावरून धार-देवास

बोटीच्या सहलीचा विषय निघाला की आपल्याकडची मंडळी कारवार नाहीतर पणजी गाठतात. समुद्राचा काठ धरून निघायचे, खाडीतून नदीत वर शिरायचे आणि संध्याकाळी परतायचे. माळव्यातल्या धार-देवासला समुद्र नाही. पण या दोन्ही जिल्ह्यांच्या दक्षिणेला नर्मदा आहे, आणि तिच्या पाण्यावर एक-दोन दिवस काढले तर समुद्राची आठवण होत नाही.

आपल्यासारख्या घरी मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणाऱ्यांना तर हा मुलूख परका नाहीच. धार आणि देवास ही पवारांची मराठी संस्थाने. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म धारच्या किल्ल्यात १७७५ साली झाला. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकळीमठ, म्हणजेच कुमार गंधर्व, क्षयाच्या आजारात कोरड्या हवेसाठी १९४८ साली देवासला गेले आणि १९९२ मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत तिथलेच झाले. माळव्याची लोकगीते त्यांच्या कानी पडली ती तिथेच. त्याहून जुने नाते पुलकेशीचे. बदामीच्या या चालुक्य राजाने उत्तरेच्या हर्षवर्धनाला नर्मदेपलीकडेच थोपवले. त्याचा हर्षावरील विजय ६३४ सालच्या ऐहोळेच्या शिलालेखात कोरलेला आहे.

सहलीची सुरुवात देवास जिल्ह्यातल्या नेमावरहून करावी. घाटावरच परमारकालीन सिद्धेश्वराचे देखणे दगडी मंदिर आहे. समोरच्या तीरावर हरदा जिल्ह्यातले हंडिया. सुमारे १३१२ किलोमीटर लांबीच्या नर्मदेचे हे नाभिस्थान, म्हणजे मध्य, असे मानतात. घाटावर होड्या मिळतात. आपल्या घरी आजी ज्याला ‘दोणी’ म्हणते तशीच ही नाव. फक्त आता बहुतेक ठिकाणी वल्ह्यांच्या जोडीला इंजिन आले आहे. भेटणारा प्रत्येक जण ‘नर्मदे हर’ म्हणतो. आपणही तेच उत्तर द्यायचे.

घाटावर पाठीला वळकटी लावलेले परिक्रमावासी दिसतील. त्यांत मराठी बोलणारे बरेच असतात. त्यांना मात्र नावेत बसायला सांगू नका. परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नाही, असा नियम आहे. ती ओलांडायची एकदाच, गुजरातेत, जिथे ती समुद्राला मिळते तिथे. दक्षिण तीरावरच्या विमलेश्वराहून भरतीची वेळ साधून नाव निघते आणि खाडीतून उत्तर तीरावर मिठी तलाईला लागते. चालून झिजलेल्या पायांना मिळणारा हा एकच नावेचा प्रवास.

दुसरा मुक्काम धार जिल्ह्यातले धरमपुरी. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या खलघाटापासून हे गाव जवळ आहे. इथे नदीच्या मधोमध एक बेट आहे. त्याला लोक ‘बेंट’च म्हणतात. त्यावर बिल्वामृतेश्वर महादेवाचे मंदिर आहे. नावेने जावे, दर्शन घ्यावे, झाडाखाली शिदोरी सोडावी.

याच काठाने पश्चिमेला कुक्षी तालुक्याकडे जावे तसे पाणी रुंद आणि संथ होत जाते. हे सरदार सरोवराचे पाणी. सप्टेंबर २०१९ मध्ये धरण प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले. निसरपूरसारखे बाजारपेठेचे गाव आणि चिखलदा पाण्यात गेले. समोरच्या बडवानीच्या काठावर, राजघाटला, गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या अस्थींचे स्मारक होते. ते २०१७ मध्ये हलवावे लागले. त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ६८१ कुटुंबांना प्रत्येकी ६० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. मेधा पाटकर आणि नर्मदा बचाओ आंदोलनाने लढवलेला हा प्रश्न तेव्हा तीस वर्षांचा झाला होता.

धरणाचे पाणी गुजरातेत दूरवरच्या कोरड्या गावांपर्यंत पोहोचते, हेही खरेच. पण नाव ज्या पाण्यावरून सरकते त्याच्या तळाशी कुणाचे अंगण, कुणाचा ओटा, कुणाचे शेत आहे. हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. आलमट्टीच्या पाण्यात जुने बागलकोट बुडाले आणि माणसे नवनगरला गेली. अजूनही घरात ‘आमचे घर’ म्हटले की वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पाण्याखालचीच गल्ली उभी राहते. नर्मदाकाठच्या घरांतही तसेच असणार.

कुक्षीजवळच्या मेघनाद घाटावरून थेट सरदार पटेलांच्या पुतळ्यापर्यंत क्रूझ नेण्याची योजना मध्य प्रदेशात जाहीर झालेली आहे. रोजगार मिळत असेल तर चांगलेच. मात्र बोटीवरच्या माहितीत मंदिरे आणि सूर्यास्ताबरोबर बुडालेल्या गावांची नावेही सांगितली जावीत. केवट मंडळींना ती पाठ असतात. त्यांना विचारले की ते हात करून जागा दाखवतात. मुलांनाही ती ऐकू द्यावीत. इतिहास शिलालेखात असतो तसा पाण्याखालीही असतो.

जाणाऱ्यांसाठी थोडेसे : बेळगावहून पुणे आणि तिथून रेल्वेने इंदूर. इंदूरहून खातेगावमार्गे नेमावर आणि दुसऱ्या दिवशी महामार्गाने खलघाट, धरमपुरी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा छान असते. पावसाळ्यात नदीवर जाऊ नये. नावेत बसण्याआधी भाडे ठरवावे, लाइफ जॅकेट मागून घ्यावे आणि नावेत गर्दी असेल तर पुढच्या नावेची वाट पाहावी.