भाकरीने काय घोडे मारले?

'वजन कमी करायला हवं' हे वाक्य मध्यमवर्गीय माणूस नेहमी तोंडात काहीतरी असतानाच बोलतो. आमच्या शाखेत तर ते पेढा खाताना बोलण्याचाच प्रघात आहे. आणि बँकेत पेढ्यांना काय तोटा! कुणाचे कर्ज मंजूर झाले, पेढे. कुणाची मुलगी बारावी झाली, पेढे. निवृत्तीचा निरोपसमारंभ असला की कागदी बशीत सामोसा, वेफर्स आणि बर्फी हा त्रिवेणी संगम ठरलेला. समोरचा माणूस छत्तीस वर्षांची नोकरी संपवून डोळे पुसत असतो आणि आपण चटणी संपली म्हणून हळहळत असतो.

गेल्या वर्षी माझी तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२ आली. ५.७ च्या खाली असली तर ठीक, ६.५ ला मधुमेह. म्हणजे मी मधोमध, टोकन हातात धरून नंबराची वाट पाहणाऱ्या गिऱ्हाइकासारखा. मग डॉक्टरांनी माझी उंची पाच फूट पाच इंच आणि वजन ७८ किलो यांचा काहीतरी भागाकार केला. उत्तर आले २८.६. हा भागाकार एकोणिसाव्या शतकात केतले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने मांडला. त्याला डॉक्टरकीशी काही कर्तव्य नव्हते, तो बिचारा सरासरी माणूस शोधत होता. आमच्या काउंटरवर आला असता तर पहिल्याच खिडकीत सापडला असता! या आकड्याला जगभर ३० पासून लठ्ठ म्हणतात. पण आपली चरबी पोटावर बसते आणि साखर लवकर चढते, म्हणून २००९ साली आपल्या डॉक्टरांनी ती रेघ २५ वर आणली. परदेशात मी नुसता 'जरा भरलेला' ठरलो असतो. स्वदेशात लठ्ठ.

आमचे हेड कॅशियर या विषयातले अधिकारी पुरुष. कोबीचे सूप, लिंबू-मध, दिवसातून दोनदाच जेवण, असे सारे पंथ त्यांनी पाळले आहेत आणि प्रत्येक पंथात मोक्षाच्या दारापर्यंत जाऊन परत आले आहेत. कोबीच्या काळात त्यांनी आठ दिवसांत चार किलो उतरवले. महिन्याभरात ते चारही परत आले, येताना व्याजाचा एक किलो घेऊन. त्या आठ दिवसांत ते नोटा मोजता मोजता मध्येच थांबून विचारत, "बटाटवड्यात आलं किती घालतात हो?"

हसू नका. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिले होते. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा कसे पोसावे हे कळावे म्हणून. त्यांचे वजन जवळजवळ एकचतुर्थांश उतरले. पण ती पोरे पाककृतींची पुस्तके कादंबरीसारखी वाचू लागली, आणि बंदी उठल्यावर पोट भरले तरी त्यांची भूक भागेना.

याचे कारण आम्हा कॉमर्सवाल्यांना लगेच पटते. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. समजा, रोज ३०० कॅलरींचा एक वडापाव वगळला, तर सव्वीस दिवसांत एक किलो वजा. कागदावर ताळेबंद झकास जुळतो! पण शरीर ही जुन्या वळणाची पेढी आहे. आवक घटली की आतला मुनीम निमूटपणे खर्च कापतो, आणि पुन्हा आवक सुरू झाली की पुढच्या दुष्काळासाठी आधी कोठार भरून घेतो.

दुष्काळावरून आईची आठवण झाली. आठवण म्हणजे, ती आतल्या खोलीतच असते. १९७२ च्या दुष्काळात ती अठरा वर्षांची होती. मराठवाड्यातल्या तिच्या गावी रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो मिळे आणि खडी फोडायला जाणाऱ्यांना सुकडी. त्या मिलोच्या भाकरीचा वास अजून नाकातून गेला नाही, म्हणते. बारीक होणे ही गोष्ट माणूस ठरवून करतो, हेच तिला मंजूर नाही. तिच्या लेखी ते माणसावर येते.

"आई, अर्धीच भाकरी वाढ."

"का रे? हापिसात कुणी काही बोललं का?"

"डॉक्टर म्हणाले."

"त्याला घरी करून घालणारं कुणी नसंल."

सौ.ने मध्यस्थी केली, "आई, त्यांना साखर निघालीय थोडी."

"मग साखर बंद कर. भाकरीनं काय घोडं मारलंय?"

हा सवाल बिनतोड होता. आपल्याकडे माणसाचे वजन पानात वाढत नाही, ते पानाबाहेर वाढते. डब्यातला चिवडा उभ्या उभ्या, शेंगदाणे टीव्हीसमोर, पोराच्या ताटातले उरलेले 'वाया जायला नको' म्हणून. या खर्चाची कुठेच नोंद होत नाही, कारण ते जेवण नसतेच!

तेव्हा आता घरात बंदी कशालाच नाही. फक्त जे खायचे ते बसून, ताटलीत घेऊन आणि त्याच्याकडे बघत. पेढासुद्धा. पोट भरल्याची वर्दी मेंदूला पोचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात (आमच्या हेड ऑफिसच्या मानाने हा वेग विलक्षणच), म्हणून दुसऱ्या भाकरीआधी जरा थांबतो. थांबूनही भूक राहिली तर खातो. चारच्या चहाबरोबर फरसाणाची आठवण झाली की भूक आहे की कॅश न जुळल्याचा वैताग, एवढे तपासून पाहतो. बहुतेक वेळा वैताग निघतो, आणि वैतागाला फरसाण लागू पडत नाही.

अकरा महिन्यांत ७८ चे ७४ झाले. साखर ५.९, म्हणजे टोकन अजून हातातच, पण रांगेत थोडा मागे सरकलो आहे. "अकरा महिन्यांत चार?" हेड कॅशियर म्हणाले. "अहो, मी आठ दिवसांत उतरवले होते!"

आई आता न सांगता अर्धीच भाकरी वाढते. मात्र अलीकडे तिच्या भाकरीचा घेर वाढत चालला आहे, असा मला दाट संशय आहे. परवा मी मुलाच्या दप्तरातली पट्टी घेऊन ताटावर वाकलो, तर सौ. म्हणाली, "अहो, जेवा आधी. गार होतंय."