अर्धीच तापलेली तार

आमच्या घरीं एक हेलिकॉप्टर आहे. हें वाचून आमच्या सांपत्तिक स्थितीविषयीं कोणीं गैरसमज करून घेऊं नये. त्याचें वजन साडेतीन किलोंच्या आंतबाहेर असून एरव्हीं तें माळ्यावर जुन्या चादरीखालीं स्वस्थ पडून असतें. तथापि त्यास नुसतें खेळणें म्हणावयास आम्ही तयार नाहीं. त्याच्या पोटांत लहान मुलाच्या मुठीएवढें खरेंखुरें इंजिन आहे, माथ्यावरील पात्यांच्या चक्राचा व्यास १३५ सेंटिमीटर आहे, आणि उडतेवेळीं तें चक्र मिनिटास सुमारें १८०० फेरे घेतें. आमचा पुतण्या इयत्ता आठवींत आहे. त्यानें ह्यावरून असा हिशेब काढला कीं, पात्याचें टोंक ताशीं साडेचारशें किलोमीटरांहून अधिक वेगानें फिरतें. वर्तुळाचा परीघ काढतां येणाऱ्या विद्यार्थिमित्रांनीं तो ताडून पाहावा. आम्हीं पाहिला, तो बरोबर आहे. आणि पुढील हकीगत वाचतांना तो ध्यानांत असलेला बरा.

हल्लीं अशीं हेलिकॉप्टरें बहुधा विजेच्या बॅटरीवर चालतात. कळ फिरविली कीं पातीं फिरूं लागतात. त्यांत रुसव्याफुगव्यास जागा नाहीं. आमचें मात्र जुन्या वळणाचें आहे. तें मिथेनॉल, नायट्रोमिथेन व तेल ह्यांच्या मिश्रणावर चालतें, धूर सोडतें, कपड्यांस एरंडेलाचा वास लावतें, आणि मर्जी फिरली तर सबंध सकाळ हूं कीं चूं करीत नाहीं. ही मर्जी जेथें वसते ती वस्तु बोटाच्या पेराहून मोठी नाहीं. तिला ग्लो प्लग म्हणतात.

मोटारसायकलीच्या इंजिनांत दर खेपेस विजेची ठिणगी पडून पेट्रोल पेटतें, हें पुष्कळांस ठाऊक असेल. ह्या इंजिनांत ठिणगी मुळींच नाहीं. प्लगच्या पोकळींत प्लॅटिनमयुक्त धातूच्या बारीक तारेचें वेटोळें असतें. प्रारंभीं दीड व्होल्टच्या बॅटरीचा चिमटा लावून तें तापवावयाचें, आणि इंजिन सुरू झालें कीं चिमटा काढून घ्यावयाचा. त्यानंतर तार आपली आपण तापलेली राहते. मागील ज्वलनाची ऊब, वायू दाबला गेल्यानें उत्पन्न होणारी उष्णता, आणि प्लॅटिनमच्या संगतींत मिथेनॉलच्या वाफेचें होणारें ज्वलन, ह्या तिहींच्या बळावर हा चमत्कार चालतो. प्लॅटिनमचा हा गुण जुनाच. १८२३ सालीं जर्मनींतील डोबरायनर ह्या रसायनशास्त्रज्ञांनीं प्लॅटिनमवर हायड्रोजन वायू सोडून आगकाडीवांचून ज्योत पेटविली होती. अमेरिकेंतील रे आर्डेन ह्यांनीं १९४७ सालीं ग्लो प्लग बाजारांत आणला, आणि इवल्याशा विमानांना ठिणगीसाठीं जें बॅटरी व कॉइलचें ओझें वाहावें लागे तें एकदम उतरलें. पुढें १९७० च्या सुमारास जर्मनींतच डीटर श्ल्यूटर ह्यांनीं दुरून चालविण्याचें लहान हेलिकॉप्टर यशस्वी करून दाखविलें, तेंही अशाच इंजिनाच्या जोरावर.

असो. गेल्या नाताळच्या सुटींत आम्ही पुतण्यास घेऊन वाईजवळच्या एका स्नेह्यांच्या माळावर गेलों. इंधनाचा डबा मे महिन्यांत उघडलेला होता. त्यांतील अर्धें इंधन उरलें होतें आणि सबंध पावसाळा तो डबा पडवींत राहिला होता. झांकण घट्ट लावल्याचें आम्हांस स्मरत होतें. पुतण्यास स्मरत नव्हतें.

इंजिन पहिल्याच झटक्यास सुरू झालें. चिमटा काढला, आम्हीं दहा अंक मोजले असतील नसतील तोंच तें दोनदां खोकून बंद पडलें. पुन्हां तेंच. तिसऱ्यांदाही तेंच.

असें झालें म्हणजे दोष कोठें शोधावा ह्याची एक रीत आहे, व ती आम्हांस पाठ आहे. चिमटा असेपर्यंत चालतें आणि काढतांच विझतें, त्या अर्थीं बॅटरीचा दोष नाहीं. तार स्वतःची उष्णता राखूं शकत नाहीं. तेव्हां एक तर प्लग झिजला आहे, किंवा तो त्या इंजिनास मानवणाऱ्या जातीचा नाहीं, किंवा इंधन हवेच्या मानानें फाजील येऊन तारेस थंड करीत आहे, किंवा इंधनच बिघडलें आहे. ह्यांत प्लग बदलणें सर्वांत सोपें, म्हणून तो सर्वांआधीं बदलावा. हें सारें आम्ही जाणतों. पण एका प्लगला कांहीं शें रुपये पडतात, पेटींत नवा एकच शिल्लक होता, आणि जुना काढून बॅटरीला लावला तेव्हां तो आम्हांस चांगला लाल दिसला.

पुतण्यानें तो आमच्या हातून घेतला आणि आपल्या टोपीच्या सावलींत धरून पाहिला.

“काका, अर्धीच तार तापते आहे. टोकाकडचे वेढे काळेच आहेत.”

आम्हीं तो भर उन्हांत पाहिला होता, तोही चष्म्याशिवाय. चांगल्या प्लगची तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी नारिंगी दिसली पाहिजे, हें आम्हींच त्यास कधीं काळीं शिकविलें होतें. तरीही आम्ही म्हणालों, “अरे, तुझ्या जन्माआधींपासून हीं इंजिनें हाताळतों आहें.” तो गप्प बसला. वडील माणसांच्या ह्या वाक्यास मुलांपाशीं उत्तर नसतें, म्हणूनच तें आम्हांस इतकें सोयीचें वाटतें.

मग आम्हीं इंधनाची सुई दोन खांचा आंवळली. फरक पडला नाहीं. इंधन पुढें ओढून घेण्याच्या खटपटींत तें इतकें आंत शिरलें कीं दट्ट्या जागच्या जागीं अडला. पातळ पदार्थ दाबला जात नाहीं. अशा वेळीं स्टार्टरचा जोर लावला तर आंतील दांडी वांकते. एवढें मात्र आम्हांस आठवलें. प्लग काढून इंजिन फिरवितांच इंधनाची चिळकांडी उडाली. पालकांसाठीं येथें सांगून ठेवतों कीं मिथेनॉल हें विष आहे, तें डोळ्यांत जातां कामा नये, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडीं जवळजवळ दिसत नाहीं. पुतण्यानें तोंड आधींच बाजूस केलें होतें.

ह्यानंतर जें झालें तें लिहावयास लेखणी कचरते. हेलिकॉप्टरच्या इंजिनास एक क्लच असतो. इंजिन मंद चालत असतां तो सुटा राहतो व पातीं स्थिर राहतात; वेग वाढला कीं तो धरतो व पातीं फिरूं लागतात. म्हणून सुरू करतांना थ्रॉटल अगदीं खालीं ठेवावयाचा, आणि तरीही चक्राचा मध्य कोणीं तरी मुठींत घट्ट धरावयाचा. झिजलेला प्लग मंद गतीस विझतो, पण वेगांत तग धरतो, हेंही आम्हांस माहीत होतें. आणि ह्याच ज्ञानानें घात केला. थ्रॉटल थोडा वर ठेवून सुरू करावें म्हणजे चिमटा काढल्यावर तें टिकेल, असें आमच्या मनानें घेतलें.

तें टिकलें. इतकें टिकलें कीं सुरू होतांच गर्जना करून उठलें आणि क्लच धरला. चक्राचा मध्य पुतण्याच्या उजव्या मुठींत होता. सोडला असता तर पातीं त्याच्या गुडघ्यांवर आलीं असतीं. ट्रान्स्मीटर आमच्या गळ्यांत अडकविलेला होता. दांडी खालीं ओढणें एवढेंच आमचें काम. तें आमच्या हातून झालें नाहीं. कां झालें नाहीं, हें आजतागायत सांगतां येत नाहीं. पोरानें मूठ सोडली नाहीं; डाव्या हाताच्या चिमटींत इंधनाची रबरी नळी दाबून धरली. इंजिन क्षणभर अधिकच किंचाळलें आणि उपाशी पडून थांबलें. हवेंत क्लचच्या अस्तराचा जळका वास सुटला होता.

त्याचा तळहात लाल झाला होता. तो कांहीं बोलला नाहीं, आम्हीही नाहीं. बाभळीखालीं बसून दोघांनींही पाणी प्यालें. मग आम्हीं चष्मा काढून नाकावर ठेवला, जुना प्लग हातरुमालाच्या सावलींत बॅटरीला लावला आणि पाहिला. टोकाकडचे वेढे काळेच होते.

नवा प्लग बसविला; बाकी कशासही हात लावला नाहीं. थ्रॉटल तळाशीं आहे कीं नाहीं हें पुतण्यानें दोनदां पाहिलें, आणि आम्हीं त्यास पाहूं दिलें. चिमटा काढतांच इंजिनाचा सूर किंचित् उतरला, पण तें चालूं राहिलें. मात्र मधूनच अडखळे. तेव्हां टाकी रिकामी करून न उघडलेल्या डब्यांतलें इंधन भरलें, सुई दोन खांचा परत सैल केली, आणि अडखळणें थांबलें. मिथेनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें. चार महिन्यांच्या पावसानें आमच्या डब्यांत आपला वाटा टाकलाच होता. दोन्ही बदल एकदमच केले असते तर मुख्य दोष प्लगचा आणि त्यास जोड पाण्याची, हें आम्हांस कधींच उमगलें नसतें.

त्या दिवशीं हेलिकॉप्टर पुतण्यानें उडविलें. पुरुषभर उंचीवर तें सहा मिनिटें एका जागीं तरंगत राहिलें, आणि खालचें वाळलेलें गवत चोहोंकडे लवत होतें.

घरीं आल्यावर वहिनींनीं विचारलें, “काय रे, नीट चाललें का?” तो म्हणाला, “प्लग खराब होता.” त्यानें एवढेंच सांगितलें, आणि आम्हीही मान डोलाविली. उरलेली हकीगत वहिनींस ह्या अंकावरूनच कळेल. जुना प्लग त्यानें मागून घेतला. तो हल्लीं त्याच्या कंपासपेटींत असतो.