नर्सबाई आणि आसरा

माझी धाकटी बहीण सहा वर्षांची असताना तिला फिट येऊ लागल्या. मुठी आवळायच्या, डोळे फिरायचे, तोंडाला फेस. कुणी कांदा हुंगवी, कुणी चप्पल. देवरशी म्हणाला, डोहावर आसरांनी धरलीय. मग हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, खण, दहीभात. कोळवणात तेव्हा हाच पहिला इलाज.

आमच्या पडवीतल्या खोलीत नर्सबाई भाड्यानं राहायच्या. नगरकडच्या, ख्रिस्ती. दाराला लिंबू-मिरची नाही, आत एक लाकडी क्रूस. आजीनं एकदा विचारलं, "तुमच्यात न्हाईत का वो भुतं?"

"आहेत की आजी. पण त्यांच्या दारात जायची आम्हाला बंदी आहे."

मग त्यांनी शौल राजाची गोष्ट सांगितली. यानंच राज्यातले सगळे भुताळे हाकलले होते. पण लढाईआधी घाबरला, आणि रात्री वेश पालटून एन-दोरच्या बाईकडे गेला. मेलेल्या शमुवेलाला वर बोलाव म्हणाला. शमुवेल आला आणि उद्या तू मरशील, एवढंच सांगून गेला. मग त्या बाईनं वासरू कापून, भाकरी भाजून राजाला जेवू घातलं.

आजी म्हणाली, "बाई गुणाची हुती. आमचा देवरशी उलटा कोंबडा घ्यून जातो."

पुढं समितीवाले आले, ते भूत नाहीच म्हणायचे. त्यांचं खरंच असेल. पण आजीला बाईंचं आधी पटलं: असेना का भूत, आपण त्याच्याकडं जायचं नाही. त्याच बोलण्यावर बहीण पुण्याला ससूनमध्ये गेली. गोळ्या सुरू झाल्या.

खरी कसोटी नंतर लागली. बाईंच्या नात्यातला एक प्रार्थना करणारा आला. बहिणीला पाहून त्यानं बायबलमधला मार्कचा नववा अध्याय काढला. त्यातल्या पोरालाही फेस येतो, आणि येशू त्याच्यातला आत्मा घालवतो. हा म्हणाला, गोळ्या बंद करा, गोळी म्हणजे अविश्वास. कोंबडा मागत नव्हता, म्हणून आई तयारही झाली.

बाई उठल्या. "येशूनं त्या पोराला हात धरून उठवलं. औषध तोडा असं त्यात कुठं आहे? शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्यच होता. तुम्ही प्रार्थना करा, मीही करते. गोळी चालू राहील."

पाहुणा रागानं निघून गेला. त्या नात्यात बाईंशी पुढं कुणी नीट बोललं नाही, असं आई सांगायची.

डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर, 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा आला. साप-विंचू चावल्यावर उपचार रोखून मंत्र घालणं आता गुन्हा आहे, मग मंत्र कुठल्याही धर्माचा असो. बाईंपाशी तेव्हा असलं काही नव्हतं.

संध्याकाळी दिवा लागला की आजीच बहिणीच्या हातावर गोळी ठेवायची. पाकीट देव्हाऱ्यात, अंगाऱ्याच्या पुडीला लागूनच. बाईंना ती पुडी दिसायची. त्या एवढंच विचारायच्या, "आजी, गोळ्या किती उरल्या?"