कधीच न भरणारी टाकी

शिंदखेडा तालुक्यात घर बघायला बाहेरगावची माणसं येतात ती दिवाळीत. नोकरी सुरतला नाहीतर नाशकात, हाताशी चार दिवसांची सुट्टी. विहिरीही तेव्हा पावसाळ्यातून नुकत्याच उठलेल्या असतात. वाकून पाहिलं की काठोकाठ पाणी, आणि सौदा तिथेच अर्धा ठरतो. माझं आयुष्य भूजलाच्या कामात गेलं. मला विचाराल तर विहीर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला बघावी, बुराई नदीचं पात्र कोरडं पडल्यावर.

तोवर थांबणं जमत नसेल तर दोरीला दगड बांधून पातळी मोजा, दोन तास मोटर चालवा आणि पाणी परत जागेवर यायला किती वेळ लागतो ते बघा. साठा डोळ्यांना दिसतो, झरा घड्याळावर कळतो. 'शेजाऱ्याला पाणी आहे' हा तर पुरावाच नव्हे. तापीकाठी गाळ आहे, अलीकडे काळा पाषाण आणि त्यात पूर्व-पश्चिम धावणारे डाइक, म्हणजे जमिनीत गाडलेल्या दगडी भिंतीच. भिंतीच्या एका अंगाला पाणी तुंबतं, दुसऱ्या अंगाच्या बोअरमधून नुसती भुकटी उडते. पलीकडे शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले रुंद-खोल केले, बंधारे घातले आणि विहिरींची पातळी वर आली. पण जमिनीत जिरतं ते सगळं पावसाचंच असतं असं नाही.

एका घरी मालक संडासाच्या टाकीबद्दल अभिमानाने म्हणाले, "पंधरा वरीस व्हई ग्यात भाऊ, टाकी कधी भरनीच नही!" घेणारे खूश झाले, मी झाकण काढायला लावलं. (झाकण काढून वर वाकू नये, बिडी तर अजिबात पेटवू नये, आणि आत कुणालाही उतरवू नये, सफाईसाठी सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवण्यावर २०१३च्या कायद्याने बंदी आहे.) बॅटरी मारली. चारी बाजूंना विटा, तळाला उघडा मुरूम. विहीर तिथून वीसेक पावलांवर, तीही उताराला.

आपल्याकडे जिला सगळे 'सेफ्टी टँक' म्हणतात, ती भरलेलीच असायला हवी. पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपच्या तोंडापर्यंत उभं राहतं, गाळ खाली बसतो, वरचं पाणी शोषखड्ड्यात जातं आणि दोन-तीन वर्षांनी गाळ उपसावा लागतो. पाणी पाइपच्या खाली दिसलं तर टाकी गळतेय, असं धरून चाला. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून १८ मीटर दूर असावा असं भारतीय मानक सांगतं. भेगाळ पाषाणात मला तेवढंही अंतर कमीच वाटतं.

त्या विहिरीचं पाणी मी जंतू-तपासणीच्या बाटलीत भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाटली काळी पडली, म्हणजे पाण्यात जंतू होते. प्रयोगशाळेत नायट्रेटही लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपुढे निघालं. जंतू उकळून मरतात, नायट्रेट उकळून जात नाही आणि तुरटीलाही दाद देत नाही. अशा पाण्यात कालवलेलं बाटलीचं दूध प्यायलेलं तान्हं बाळ निळं पडू शकतं. पाणी मात्र दिसायला नितळ, चवीला गोड. मालकही खोटं बोलत नव्हते. टाकी खरंच भरली नव्हती.

घेणाऱ्यांनी विचारलं, "मग घर सोडून द्यायचं का?" मी म्हटलं, भिंती चांगल्या आहेत, घ्या. नव्या टाकीचा खर्च किमतीतून वळता करा, ती विहिरीच्या खालच्या अंगाला बांधा, जुनी उपसून बुजवा आणि पाणी पुन्हा तपासून चांगलं निघेपर्यंत प्यायचं पाणी नळाचं भरा.

तुम्ही या सुट्टीत घर बघायला निघाला असाल तर एवढंच करा: टाकीचं झाकण उघडल्याशिवाय इसार देऊ नका.