वहिवाट

'वहिवाट' हा शब्द आम्ही गेली वीस वर्षे कोर्टात उच्चारीत आलो आहोत. कुणाच्या कुळागरातून पायवाट जाते, कुणाच्या विहिरीचे पाणी कोण ओढतो, पालखीला पहिला खांदा कोणाचा, अशा बहुतेक तंट्यांच्या मुळाशी हाच शब्द असतो. फार वापराने नाणे झिजावे तसा तो आमच्या तोंडी झिजला होता. त्याचा अर्थ आम्हांस नव्याने कळला तो लाओस देशातील एका डोंगरी रस्त्यावर, मोटारसायकलीसकट चरात आडवे झाल्यावर. ती हकीकत वाचकांस सांगावी म्हणतो.

आमचे धाकटे बंधू नोकरीनिमित्त बारा वर्षे बँकॉकला आहेत. मातोश्री निवर्तल्यानंतर घरच्या देवांचा प्रश्न निघाला. फोंड्याजवळच्या आमच्या मूळ घरी पणजोबांच्या वेळेपासून पंचायतन आहे. बंधूंचे म्हणणे, देव आपण बँकॉकला नेऊ आणि नित्य पूजा करू. आमचे म्हणणे, देवाची जागा जेथे त्याची स्थापना झाली तेथेच. आमच्या बाजूस कायदाही होता. कलकत्त्याच्या मलिक घराण्यात घरचा देव पाळीप्रमाणे हलविण्यावरून वाद झाला, तेव्हा प्रिव्ही कौन्सिलने 1925 साली निर्णय दिला, की मूर्ती ही केवळ जंगम वस्तू नव्हे. तिला कायद्याने व्यक्तित्व आहे आणि तिचे स्थान ठरविताना तिची इच्छाही विचारात घेतली पाहिजे. हा निवाडा आम्ही बंधूंस लिहून पाठविला. त्यांचे उत्तर आले, की मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आला आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, तेव्हा प्रिव्ही कौन्सिल कोठे होते? हळूहळू पत्रे आखूड होत गेली आणि फोन थांबले.

अशा वेळी त्यांचे एक वेगळेच पत्र आले. "दादा, बाबांच्या जुन्या येझदीवरून आपण चोर्ल्याचा घाट चढत होतो, आठवते? एकदा इकडे ये. चार-पाच दिवस गाड्यांवरून डोंगरात हिंडू. मग काय ते बोलू." आम्ही 2024 च्या जानेवारीत गेलो. खांद्याच्या पिशवीत तीन पानी नोटीस होती. फक्त सही करावयाची राहिली होती.

बँकॉकहून रात्रीच्या गाडीने उबोन, तेथून सरहद्द ओलांडून मेकाँगच्या काठचे पाक्से शहर, असा आमचा मार्ग होता. थायलंडात वाहने आपल्याप्रमाणे डावीकडून चालतात, लाओसमध्ये उजवीकडून. पाक्से येथे आम्ही दोन लहान गाड्या भाड्याने घेतल्या. त्यांना क्लच नसतो. पायाने गिअर बदलावयाचा एवढेच. पूर्वेस बोलावेनचे पठार आहे. आपल्या सह्याद्रीप्रमाणे तेही लाव्हारसाने घडलेले. परंतु माती कमालीची तांबडी. रस्ता वळणे घेत नाही, नुसता चढतच राहतो. वस्त्यांची नावेही मैलाच्या दगडांवरून पडलेली. 'लाक' म्हणजे किलोमीटरचा दगड. अडतिसाव्या दगडापाशी ताद फानचा धबधबा आहे. दोन प्रवाह शेजारी शेजारी निघतात आणि शंभर मीटरांहून अधिक खोल दरीत उडी घेतात. आम्ही उभयता कठड्यापाशी बराच वेळ उभे होतो. बोलणे मात्र धबधब्यापुरतेच झाले.

पाकसाँग हे गाव सुमारे तेराशे मीटर उंचीवर असून तेथील थंडी गोव्याच्या माणसास सोसवत नाही. फ्रेंचांनी या पठारावर कॉफी आणली. घरोघरच्या अंगणात ताडपत्र्यांवर तिची फळे वाळत पडलेली होती. आपल्याकडे सुपारी वाळत घालतात तशीच. पहाटे धुक्यात काढ्यासारखी दाट कॉफी घेऊन आम्ही था तेंगच्या बाजूने सेकाँगकडे उतरू लागलो.

अपघात या उतारावर झाला. वळणावर समोरून मालट्रक आला आणि तीस वर्षांच्या सवयीने आम्ही गाडी डावीकडे घेतली, म्हणजे थेट त्याच्याच वाटेत. चूक उमगताच हँडल उजवीकडे फिरवले. खडीवर चाक सरकले. गाडी रस्त्यावर आणि आम्ही चरात. शिरस्त्राण होते म्हणून डोके वाचले. कोपर आणि गुडघा सोलून निघाला. पिशवी मात्र उडून चराच्या पलीकडे, सात-आठ हात आत झुडपांत जाऊन पडली. आम्ही उठलो आणि वकिलास कागदाची जी ओढ असते तिने थेट झुडपांकडे निघालो. तोच मागून कुणी तरी ओरडले आणि आमचे मनगट घट्ट धरले गेले. शेजारच्या झोपडीतील म्हातारी होती. तिच्या तोंडून एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता : "बाँबी! बाँबी!"

1964 ते 1973 या नऊ वर्षांत अमेरिकन विमानांनी लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बाँब टाकले. उत्तर व्हिएतनाममधून दक्षिणेकडे रसद नेणारा हो ची मिन्ह मार्ग या पूर्वेकडच्या डोंगरांतूनच जात असे. एका मोठ्या बाँबच्या पोटात शेकडो लहान बाँब, चेंडूएवढे. त्यांतले कोट्यवधी फुटलेच नाहीत. लोक त्यांस 'बाँबी' म्हणतात. पन्नास वर्षे झाली तरी नांगराच्या फाळाखाली, कधी मुलाच्या हाताखाली, ते आजही फुटतात. म्हणून तेथे लहान मुलासही एक नियम ठाऊक असतो. जेथे माणसांचे व गुरांचे पाय रोज पडतात तेथूनच चालावे. मळलेली वाट सोडू नये.

म्हातारीने मुलास हाक मारली. तो आला. झुडपांकडे पाहत थोडा वेळ उभा राहिला आणि मग एका गुरवाटेने वळसा घेऊन पलीकडे गेला. तेथून त्याने लांब बांबूच्या आकड्याने पिशवी हलके हलके ओढून घेतली. बंधू आमच्या शेजारी उभे होते. कोणी श्वासही घेत नव्हते. पिशवी हाती आली तेव्हा आम्ही खिशातील पैसे पुढे केले. त्याने मान हलविली आणि आमच्या गुडघ्याकडे बोट दाखविले. आधी ते धुऊन घ्या, असे त्याचे म्हणणे असावे.

त्या रात्री सेकाँगला उतरलो होतो तेथील घरधनिणीने आमची अवस्था पाहिली आणि पांढऱ्या सुताचा धागा आमच्या मनगटास बांधला. माणसाच्या देहात बत्तीस 'ख्वान' म्हणजे प्राणरक्षक आत्मे असतात, भयाने ते भटकावयास जातात आणि हा धागा त्यांस परत बोलावतो, अशी लाओ लोकांची श्रद्धा आहे. लहानपणी आम्ही पडलो की आई मीठमिरच्यांनी दृष्ट काढी, त्याची आम्हां दोघांसही एकदमच आठवण झाली असावी. कारण बंधूंनी मान खाली घातली. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "दादा, त्या पिशवीत असे काय होते?"

खोटे सांगणे शक्य नव्हते. आम्ही नोटीस काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी तिन्ही पाने शांतपणे वाचली, घडी घालून परत दिली आणि घरच्या बोलीत एवढेच विचारले, "दादा, घरा रोज दिवो कोण लायता?"

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही मडगावास राहतो. मूळ घरास कुलूप आहे. एक भटजी पगारावर येतात, जमेल तेव्हा दोन फुले वाहतात; आणि आम्ही सणावारी जातो. ज्या जागेचा हक्क आम्ही प्रिव्ही कौन्सिलपर्यंत नेऊन सिद्ध केला, तेथे आमची वहिवाट नव्हती. असा मुद्दा विरुद्ध पक्षाच्या वकिलाच्या हाती लागला असता, तर त्याने आमचा दावा पहिल्याच दिवशी खिळखिळा केला असता.

पुढे ताद लोच्या धबधब्याकाठी एक रात्र काढून आम्ही पाक्सेस परतलो आणि मेकाँगच्या पश्चिम तीराने चंपासकला गेलो. तेथे वाट फू आहे. लाओ भाषेत 'वाट' म्हणजे देऊळ आणि 'फू' म्हणजे डोंगर. आपल्या वाटेशी त्या शब्दाचे साम्य आम्हांस त्या दिवशी तरी केवळ कानापुरते वाटले नाही. मागच्या डोंगराच्या माथ्यावर शिवलिंगाच्या आकाराचा नैसर्गिक सुळका आहे, म्हणून त्यास लिंगपर्वत म्हणत. पाचव्या शतकातील देवानीक राजाचा संस्कृत शिलालेख याच परिसरात सापडला; त्यात कुरुक्षेत्र नावाचे तीर्थ स्थापिल्याचा उल्लेख आहे. आजची बांधणी बहुतांशी अकराव्या ते तेराव्या शतकांतील, ख्मेर राजांच्या काळची आहे. युनेस्कोने 2001 साली हे स्थान जागतिक वारशात घेतले आणि आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षण विभागानेही येथे जीर्णोद्धाराचे काम केले आहे.

दुखऱ्या गुडघ्याने आम्ही उंच पायऱ्या चढलो. दोहों बाजूंस पांढऱ्या चाफ्याची झाडे होती. पाने झडलेली, टोकाटोकांस फुले. हे लाओसचे राष्ट्रीय फूल. आपल्याही देवळांच्या आवारात तोच चाफा असतो. मूळचा हा वृक्ष अमेरिकेतला. हे देऊळ उभे राहिले तेव्हा आशियात कोणी त्यास ओळखतही नव्हते. गाभाऱ्यात आता लिंग नाही, बुद्धमूर्ती आहेत. परंतु मागच्या कड्यातून झरा वाहतो. पूर्वी त्याचे पाणी दगडी पन्हळीने आत आणून लिंगावर अखंड अभिषेक होत असे. आम्ही गेलो तेव्हा काही बायका ते पाणी बाटल्यांत भरीत होत्या, मुलांच्या मस्तकास लावीत होत्या. त्यांतील एकीने ओंजळभर पाणी आमच्या गुडघ्यावर घातले.

बंधू बराच वेळ झऱ्याजवळ बसले होते. उतरताना ते म्हणाले, "देव न्यायचेच असे माझे नाही, दादा. पण तिकडे अंधारात राहिलेले मला बघवत नाहीत." आम्ही काही बोललो नाही. वकील असून आम्हांस त्या वेळी एकही वाक्य सुचले नाही.

परत आल्यावर पहिल्या सोमवारी आम्ही मूळ घराचे कुलूप काढले. देवघरात जळमटे होती, समईत तेल वाळून चिकटले होते. ती आईच्या पद्धतीने चिंचेने घासली, पूजा केली आणि दिवा लावून रात्री तेथेच राहिलो. तेव्हापासून दर सोमवारचा हा नेम चालू आहे. इतर दिवशीही दिवा लागावा यासाठी शेजारच्या वहिनींना विनविले आहे. बंधू चैत्रात येणार आहेत. देव येथे राहावेत की जावेत हे अद्याप ठरलेले नाही, आणि ते आता आम्ही दोघे देवघरात बसून ठरवू. नोटीस त्या पिशवीतच आहे. तिच्या घड्यांत बोलावेनची तांबडी माती भरली आहे. ती आम्ही झटकलेली नाही.