पाऊस पाहायला गेलो त्याची हकिगत

या पानावर एरवी मी शिष्यवृत्तीचे अर्ज, जात पडताळणीची कागदपत्रे, वारस नोंद असल्या विषयांवर लिहितो. त्यामुळे मोटारसायकलवर बसून पाऊस पाहायला गेल्याची हकिगत लिहितो आहे म्हटल्यावर काही वाचक बंधू-भगिनी हसतील. हसावे. उमरग्यातही लोक हसलेच होते. नुसते हसले असते तर बरे झाले असते.

गोष्ट ऑगस्ट २०२३ ची. त्या वर्षी पाऊस उशिरा आला, पेरण्या लांबल्या, जुलैत बऱ्यापैकी पडला आणि ऑगस्ट लागताच जो गेला तो गेलाच. १९०१ पासूनच्या नोंदींत देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता, असे हवामान खात्याने पुढे जाहीर केले. आम्हाला ते जाहीर होण्याची गरज नव्हती. माझा धाकटा भाऊ गावी अडीच एकर करतो. सोयाबीन ऐन फुलावर आलेले आणि दुपारी सगळे रान माना टाकून उभे.

नेमका अशा दिवसांत बहिणीचा सोलापुराहून फोन आला. तिचा मुलगा तिथे एका कारखान्यात फिटर आहे. हप्त्यावर बुलेट घेतलेली. सोलापूर, लातूर, कोल्हापूर, कलबुर्गी अशा गावांतल्या बुलेटवाल्यांचा एक गट दर पावसाळ्यात घाटात मेळावा भरवतो. त्या वर्षी पोलादपूरजवळ भरणार होता. पोराला जायचे होते. ताई म्हणाली, "तू संग जात असशील तरच त्याला सोडते."

तिची भीती वावगी नव्हती. आमचे दाजी २०१५ साली दुचाकीवरच गेले. डोक्यावर हेल्मेट नव्हते. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यात दर शंभरात चव्वेचाळीस दुचाकीवरची होती, हा सरकारी आकडा मी सभांमधून सांगतो. पण ताईच्या घरात तो आकडा उच्चारण्याची माझी हिंमत होत नाही.

मी हो म्हणालो. शुक्रवारी कचेरी सुटली की निघायचे, शनिवार-रविवार सुट्टी, सोमवारी एक किरकोळ रजा, मंगळवारी १५ ऑगस्टला झेंडावंदनाला हजर. येऊन-जाऊन आठशे किलोमीटर, पेट्रोल लिटरला एकशे सहा रुपयांच्या वर, म्हणजे साधारण चौदाशे-पंधराशे. मेळाव्याची वर्गणी सहाशे. बी.कॉम. झालेल्या माणसाला जमाखर्च मांडल्याशिवाय झोप येत नाही. पत्नीने हिशेब ऐकून घेतला आणि रेनकोटला ठिगळ लावून दिले. आई मात्र म्हणाली, "रानात पीक पाण्यावाचून जळाललंय, अन् ह्यो पाण्यात भिजाया चाललाय." भाऊ काहीच बोलला नाही. ते जास्त लागले.

खरे सांगायचे तर भिजण्याची हौस मला कधीच नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. भूकंपानंतर पाऊस लागला होता हे आमच्या भागातल्या त्या वयाच्या लोकांना आठवत असेल. भिंतीजवळ जायची भीती आणि उघड्यावर पाऊस. एका ताडपत्रीखाली तीन घरची माणसे बसलेली. पैसे देऊन कोणी भिजायला जाते, हे मला त्यानंतर फार वर्षांनी कळले.

माझी गाडी २००८ सालची स्प्लेंडर. तेव्हा हिरो आणि होंडा एकत्र होते. शंभर सीसीलाही थोडे कमीच इंजिन, पुढेमागे ड्रम ब्रेक. सोलापुरात ताईकडे मुक्काम करून शनिवारी पहाटे चारला आम्ही मामा-भाचे निघालो. भाच्याची बुलेट पुढे, माझी स्प्लेंडर मागे. पंढरपूर, म्हसवड, गोंदवले, दहिवडी. माण आणि खटाव म्हणजे आमच्याच मराठवाड्याचे भाऊबंद. तीच करपलेली बाजरी, तेच आकाशाकडे पाहणारे लोक. पुसेगावच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, ह्यात कुठला आलाय पाऊस?"

साताऱ्याला अकराच्या सुमारास गटाची गाठ पडली. एकतीस गाड्या. माझी सोडून सगळ्या बुलेट, नाहीतर त्याहून मोठ्या. "स्प्लेंडरवर आलात? उमरग्याहून?" असे तीन-चार जणांनी विचारले. विचारण्यात कुचेष्टा नव्हती, पण कौतुकही नव्हते. मी मनात ठरवले की आपण गुपचूप शेवटी राहायचे आणि मागून पोहोचायचे. कचेरीत आणि समाजात वावरताना मागची खुर्ची आधीच पकडून ठेवायची सवय काही माणसांना लागते. मला ती आहे.

गटाचे म्होरके एसटीतून निवृत्त झालेले एक चालक होते. साठी उलटलेली, बुलेट जुनी, उजव्या पायाला गिअर असलेली. सगळे त्यांना काका म्हणत. काकांनी प्रत्येक गाडीची टायरे हाताने चाचपली, एका तरुणाला झिजलेल्या टायरमुळे साताऱ्यातच बदलून घ्यायला पाठवले. मग माझ्याकडे आले.

"तुम्ही माझ्या मागं."

"काका, माझी गाडी चढाला पळत नाही. मी आपला शेवटी येतो."

"म्हणून तर माझ्या मागं."

मग त्यांनी समजावून सांगितले. हळू गाडी शेवटी ठेवली तर रांग लांबते. लांबलेली रांग गाठायला मागचा माणूस वळणावर जोर करतो, आणि घाटात पडतो तो बहुधा असा मागून धावणाराच. म्हणून सगळ्यांत हळू गाडी म्होरक्याच्या लगेच मागे. म्होरक्याने आरशात तिच्याकडे पाहत चालवायचे आणि बाकीच्यांनी तिच्या वेगाने यायचे. सर्वांत शेवटी मात्र जाणता माणूस, ज्याच्या मागे कोणी उरता कामा नये. घाटात एकापाठी एक, ओव्हरटेक नाही. एसटीची तीस-बत्तीस वर्षे त्या बोलण्यात होती.

म्हणजे एकोणतीस दांडग्या गाड्या माझ्या स्प्लेंडरच्या चालीने जाणार! मला घाम फुटला. (१४ एप्रिलच्या मिरवणुकीत आमची म्हातारी माणसे दरवर्षी मागे पडतात आणि पोरे चौकात पोहोचून नाचत असतात. आजीबायांना पुढे घ्यावे असा ठराव मी परत आल्यावर समितीपुढे मांडला. तो डीजेच्या वादात राहून गेला. असो.)

साताऱ्याहून मेढ्याकडे वळलो आणि तासाभरात मुलूख पालटला. काळी माती संपली, लाल लागली. जावळीत भाताची खाचरे पाण्याने भरलेली. शाळेत पर्जन्यछाया हा शब्द पाठ केला होता. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्री चढताना आपले ओझे उतरवून ठेवतात आणि पलीकडे रिकामे येतात, हे मार्कांपुरते ठाऊक होते. ते ओझे कुठे उतरते हे त्या दिवशी पाहिले. केळघरचा घाट चढताना धुके गाडीच्या दिव्यात शिरले. पाऊस असा दिसत नव्हता, पण पाच मिनिटांत बाह्या ओल्या झाल्या. जुन्या लोकांची तक्रार चालली होती की यंदा पाऊसच नाही, हे काय भिजणे झाले! २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पडला होता. आमच्याकडे अख्ख्या वर्षाची सरासरी सातशे-आठशे. त्याच पावसात महाड तालुक्यातले तळिये गाव दरडीखाली गेले आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पाऊस नाही म्हणून मरणारे आणि पाऊस आला म्हणून मरणारे एकाच राज्यात, एका दिवसाच्या वाटेवर राहतात.

महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरायला लागलो तेव्हा खरा पाऊस आला. सर एवढी जोराची की काकांच्या गाडीचा मागचा लाल दिवा तेवढा दिसे. उतारावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवायची, इंजिननेच वेग धरायचा. वळणावर पुढचा ब्रेक दाबायचा नाही. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर चाक न्यायचे नाही, ओला पट्टा साबणासारखा असतो. ड्रममध्ये पाणी गेले की ब्रेक लागत नाही, म्हणून अधूनमधून हलकेच दाबून तो सुकवायचा. हे सगळे काकांनी सांगितलेले मी पाढ्यासारखे म्हणत होतो. याच घाटात २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची सहलीची बस दरीत गेली होती. बसमधला एकच जण वाचला. माझ्यासारखेच कचेरीतले लोक, शनिवारची सुट्टी पाहून निघालेले.

आणि तिथेच भाच्याची बुलेट घसरली.

माझ्या चालीने यायचा त्याला कंटाळा आला होता. रांगेत सातवा होता. रांग सोडून पुढे आला, माझ्या बाजूने निघाला आणि पुढच्या वळणावर, जिथे डोंगराचे पाणी रस्ता ओलांडत होते, तिथे शेवाळावर त्याचे मागचे चाक सुटले. गाडी आडवी होऊन डोंगराच्या बाजूला घासत गेली. दरी उलट बाजूला होती. मी गाडी कशी थांबवली, स्टँडवर लावली की टाकून दिली, मला आठवत नाही. फक्त दाजींना दवाखान्यातून आणले तो दिवस डोळ्यांपुढे उभा राहिला आणि ताईला काय सांगू, एवढे एकच वाक्य डोक्यात फिरत होते. पोरगे उठून बसले. हेल्मेटला ओरखडा, कोपर सोललेले, पँट फाटलेली. मला पाहून म्हणाला, "मामा, आईला सांगू नका."

मी हात उगारला होता. काकांनी तो धरला. ते पोराला एक शब्द बोलले नाहीत. पिशवीतून पट्टी काढून कोपर बांधले, लेगगार्ड पायाने सरळ केले, थर्मासमधला चहा त्याला दिला. सगळी रांग पावसात उभी राहिली. कोणी हॉर्न वाजवला नाही. मग काका म्हणाले, "आता मामाच्या मागच्या चाकाकडं बघत ये. दुसरीकडं बघू नको." पोलादपूरपर्यंत तो तसाच आला. (ताईला आम्ही हे अजून सांगितलेले नाही. ती हे साप्ताहिक घेते. ताई, पोराला रागावू नकोस, आता तो बरा चालवतो.)

मेळावा म्हणजे पत्र्याच्या मोठ्या शेडखाली पिठले-भाकरी, भात आणि ओळखी. गावाचे नाव सांगायचे, गाडी सांगायची, किती किलोमीटर आलो ते सांगायचे. उमरग्याची स्प्लेंडर म्हटल्यावर टाळ्या पडल्या. खोटे कशाला सांगू, बरे वाटले. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की भाषण करायची कोणाची सोय नव्हती. कार्यकर्त्यांच्या मेळाव्यांनाही असे छप्पर लाभावे. जेवताना शेजारच्याने विचारले, "आडनाव काय म्हणालात?" मी म्हणालो नव्हतो; मग सांगितले. उत्तर मिळाल्यावर पुढचा प्रश्न कसा बदलतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. त्याने क्षणभर भाकरीकडे पाहिले आणि चेनला कोणते तेल घालता, असे विचारले. नव्वद नंबरचे घालतो म्हणालो. त्यावर आम्ही अर्धा तास बोललो. त्याच्या मनात काय होते ते त्याला माहीत.

रविवारी सकाळी बाकीचे धबधब्यावर निघाले. भाचा म्हणाला, "मामा, धबधबा राहू द्या. महाड इथून वीस किलोमीटरसुद्धा नाही." मी त्याला काही सुचवले नव्हते. काकांना विचारले तर म्हणाले, "बारापर्यंत या. चढ एकट्यानं करायचा नाही." चवदार तळ्यावर गेलो तेव्हा पाऊस सुरूच होता. २० मार्च १९२७ चा दिवस वाचकांना पाठ आहे आणि त्या पाण्याचा कोर्टातला निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडावे लागले हेही. आम्ही पायऱ्यांवर रेनकोटात उभे होतो. तळ्याच्या पाण्यावर पावसाचे पाणी पडत होते. भाच्याने विचारले, "तेव्हा उन्हाळा असंल ना?" मी म्हटले, मार्च होता. तो बराच वेळ काही बोलला नाही. मी गावी फोन लावला. भाऊ म्हणाला, आभाळ आलं होतं, गेलं.

परत यायला साडेबारा झाले. एकोणतीस गाड्या पोलादपुरात उभ्या होत्या, काका पुढे, आणि त्यांच्या मागे एक जागा रिकामी ठेवलेली.

सोमवारी रात्री उमरग्याला पोहोचलो. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन आटोपून चहाच्या टपरीवर थांबलो तर लोक माझ्याशी न बोलता गाडीभोवती गोळा झाले. मडगार्डवर, चेनकव्हरवर लाल चिखल वाळून बसला होता. "कुठं पडलाय?" एकाने विचारले. "जवळच हाय का?" दुसऱ्याने. आपल्याकडचा चिखल काळा असतो हे त्या घाईत कोणाच्या ध्यानात आले नाही. साताऱ्याच्याही पलीकडे, असे सांगितले तेव्हा ते एकेक करून बाकड्यावर जाऊन बसले.

भाऊ गावाहून औषध घ्यायला आला होता. त्याने मडगार्डवरचा चिखल नखाने खरवडला, बोटांत चोळून पाहिला.

"लई पडतो काय रे तिकडं?"

"लई."

"अन् ते लोक त्याचं काय करतेत?"

मी म्हटले, भात लावतात. उरलेला समुद्राला जातो. त्याने बोटे धोतराला पुसली आणि चहा सांगितला. त्या वर्षी अडीच एकरात सोयाबीन नऊ पोती झाले.