कुठं दुखतंय ते आधी दाखवा

मनगटाचा एक्स-रे वाचायला बसण्याआधी मी खुर्चीवरून उठते आणि बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटकडे जाते. दुखरा हात दुसऱ्या हातानं पोटाशी धरलेला असतो. मी विचारते, "सगळ्यात जास्त कुठं दुखतंय? एकाच बोटानं दाखवा." पहिल्यांदा बहुतेक जण सगळ्या मनगटावरून हात फिरवतात. पुन्हा विचारलं, थोडा वेळ दिला, की बोट एका जागी येऊन थांबतं. ती जागा मी चिठ्ठीवर लिहून घेते. रेडिओलॉजिस्टनं काळोख्या खोलीत बसून फोटो वाचावेत, तपासणं हाडांच्या डॉक्टरांनी करावं, अशी आमच्याकडची कामाची वाटणी आहे. मनगटाच्या बाबतीत ती मला मान्य नाही.

कारण एक्स-रे म्हणजे सावली. मांडीच्या हाडाची सावली वाचणं त्या मानानं सोपं, तिथं एकच जाड हाड असतं. मनगटात रेडियस आणि अल्ना या दोन हाडांची टोकं, त्यांच्यापुढं दोन ओळींत बसलेली आठ छोटी हाडं आणि त्यांना लागून तळहाताच्या पाच हाडांची बुडं, एवढं सगळं मुठीएवढ्या जागेत असतं. बाजूनं काढलेल्या फोटोत तर ही हाडं एकमेकांवर चढतात. एकाची कड दुसऱ्याच्या पोटातून जाते आणि ती चीर आहे की नुसती कड, हे ठरवायला डोळ्याला काहीतरी आधार लागतो. चिठ्ठीवर 'पडल्यामुळे मनगट दुखते' एवढंच असेल तर आधार मिळत नाही. 'करंगळीच्या बाजूला, मनगटाच्या पाठीवर' असं असेल, तर मी बाजूच्या फोटोत पाठीमागं ट्रायक्वेट्रम या छोट्या हाडाचा टवका शोधते. समोरच्या फोटोत तो टवका दिसतच नाही म्हटलं तरी चालेल.

मनगटाच्या मोडीचं ज्ञान एक्स-रेच्या पुष्कळ आधीचं आहे. डब्लिनचे सर्जन अब्राहम कॉलिस यांनी रेडियसच्या टोकाजवळच्या मोडीचं वर्णन १८१४ साली छापलं. रोंटगेन यांनी वुर्झबर्गमध्ये आपल्या पत्नीच्या हाताचं पहिलं चित्र घेतलं ते १८९५च्या डिसेंबरात, म्हणजे एक्क्याऐंशी वर्षांनी. कॉलिस यांच्यापुढं फक्त सुजलेला, बाक आलेला हात होता. तो पुढं ओढून धरला की बाक जातो आणि सोडला की परत येतो, हे त्यांनी नोंदवलं आणि त्यावरून सांध्याच्या वर हाड मोडलंय हे ओळखलं. हे वर्णन वाचलं की माझ्यासमोरच्या महागड्या मॉनिटरकडे मी जरा वेगळ्या नजरेनं बघते. मॉनिटर हवाच. पण हात लावून जे कळतं ते त्याच्यावर उमटत नाही.

फोटो काढणाऱ्याचं कसबही फार मोठं असतं आणि त्याचं नाव रिपोर्टवर कधी येत नाही. आमचे टेक्निशियन दुखऱ्या मनगटाला घाई करत नाहीत. हात कॅसेटवर ठेवताना बोलत राहतात, कोपर उंचीला आणतात, खाली रेतीची पिशवी सरकवतात. बाजूचा फोटो अगदी सरळ आला पाहिजे. थोडा जरी तिरका आला तरी हाडांच्या रांगा हलल्यासारख्या दिसतात आणि न झालेली इजा झाल्यासारखी वाटते. पिसिफॉर्म या वाटाण्याएवढ्या हाडाची पुढची कड कुठं पडली यावरून मी आधी फोटोच तपासते. जागा चुकली असेल तर वाचायला न बसता पुन्हा काढायला सांगते. नातेवाईक घाबरतात, "परत किरणं?" मनगटाच्या एका फोटोतली किरणं आपल्याला निसर्गातून काही तासांत मिळणाऱ्या किरणांइतकीही नसतात, हे मी त्यांना सांगते.

समोरचा फोटो आला की आधी छोट्या हाडांच्या कडांवरून नजर फिरवते. त्या कडांमधून तीन कमानी ओढता येतात. गिलुला नावाच्या अमेरिकन रेडिओलॉजिस्टनं त्या १९७९ साली मांडल्या. कमान कुठं तुटली तर तिथं थांबायचं. मधलं लुनेट हाड समोरून चौकोनी दिसायला हवं. ते त्रिकोणी दिसलं की मी लगेच बाजूचा फोटो उघडते, कारण ते जागेवरून उलटलेलं असू शकतं. ही इजा पहिल्या तपासणीत सुटू शकते आणि उशीर झाला की मधली नसही दबते. स्कॅफॉईड आणि लुनेट यांच्यात तीन मिलिमीटरहून जास्त फट असेल तर हाडं शाबूत असली तरी त्यांना बांधणारा दोर तुटलाय. रेडियसच्या टोकाला तळहाताच्या बाजूला सुमारे अकरा अंशांचा उतार असतो. तो सपाट झाला किंवा पाठीकडे वळला, तर चीर दिसो न दिसो, मोड शोधायचीच. हे सगळं झाल्यावर मी चिठ्ठीवरच्या जागेकडे जाते आणि तिथं जास्त वेळ थांबते.

अंगठा ताठ केला की त्याच्या मुळाशी, दोन ताणलेल्या कंडरांमध्ये एक खळगा पडतो. बोट त्या खळग्यात जाऊन थांबलं की मी सावध होते. त्याच्या तळाशी स्कॅफॉईड असतं. आठ छोट्या हाडांपैकी सर्वांत जास्त मोडणारं हेच. गाडीवरून पडलेला, कबड्डीत हातावर आपटलेला किंवा दहीहंडीच्या थरातून खाली आलेला विशी-पंचविशीतला मुलगा समोर असतो. हात फारसा सुजलेला नसतो, बोटं हलतात, घरच्यांनी मुका मार म्हणून हळद लावलेली असते. अशा मुलासाठी मी मनगट करंगळीकडे वळवून, ट्यूब तिरकी करून एक खास फोटो मागते. तसं वळवलं की आखडून बसलेलं स्कॅफॉईड लांब होतं. तरीसुद्धा मोडलेलं स्कॅफॉईड पहिल्या दिवशीच्या फोटोत शाबूत दिसू शकतं, आणि हे काही विरळ नाही.

पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, फोटोत काहीच नाही म्हणता, मग प्लास्टर कशाला?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं पूर्ण उत्तर द्यायला मी वेळ देते. या हाडाला रक्त उलट दिशेनं येतं. रक्तवाहिन्या बोटांकडच्या भागातून आत शिरतात आणि मागं कोपराकडच्या टोकाला पोचतात. मध्ये कमरेवर हाड मोडलं की मागच्या तुकड्याचा पुरवठा तुटू शकतो. तुकडा हलत राहिला तर जोड बसत नाही, कधी तो तुकडा मरतो, आणि काही वर्षांनी सांध्याची झीज सुरू होते. तोवर पोरगा तिशीत आलेला असतो आणि हातानंच पोट भरत असतो. म्हणून खळगा दुखत असेल तर मोड आहे असं धरूनच हात बांधायचा आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढायचा. इतक्या दिवसांत मोडलेल्या कडांवरचं हाड शरीर थोडं विरघळवतं, फट रुंद होते आणि जी चीर आधी दिसत नव्हती ती काळ्या रेषेसारखी उमटते.

या दोन आठवड्यांचं माझ्या कामात मोल फार आहे. म्हणून रिपोर्टात मी नुसतं 'नॉर्मल' लिहीत नाही. 'आजच्या फोटोत मोड दिसत नाही. खळग्यात दुखत असल्यानं स्कॅफॉईडची मोड नाकारता येत नाही' असं लिहिते आणि पुढच्या फोटोची तारीख टाकते. तरी काही जण येत नाहीत. दुखणं कमी झालेलं असतं, ऊसतोड किंवा परीक्षा सुरू झालेली असते. मग फोन करावा लागतो, आणि मला वाटतं तो करायलाच हवा. परवडत असेल आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जाणं जमत असेल त्याला मी थेट एमआरआय सुचवते. हाडाच्या आतली सूज त्यात पहिल्या काही दिवसांतच दिसते आणि दोन आठवडे विनाकारण प्लास्टरमध्ये जात नाहीत. मोड नक्की असेल आणि तुकडा सरकलाय का हे पाहायचं असेल तर सीटी. पण सीटीचे काप स्कॅफॉईडच्या लांबीला धरून घ्यायला सांगावं लागतं. नेहमीच्या आडव्या कापांत ते हाड तिरकं कापलं जातं आणि एक मिलिमीटरचा सरकाव हातून निसटतो. ऑपरेशन करायचं की नाही हे कित्येकदा त्या एका मिलिमीटरवर ठरतं.

मुलांचं मनगट वाचताना सावधगिरी वेगळी. लहान मुलाच्या फोटोत आठातली काही हाडं दिसतच नाहीत, ती अजून कूर्चेची असतात. स्कॅफॉईड तर साधारण पाचव्या वर्षाच्या आसपास उमटतं. रेडियसच्या टोकाशी वाढीची काळी पट्टी असते, तिला नवखा डोळा मोड समजतो. मुलांची खरी मोड पुष्कळदा नुसता फुगवटा असते, हाडाची बाहेरची कड एका जागी किंचित सुरकुतते. ती तीनेक आठवड्यांत भरून येते आणि साध्या पट्टीवर भागतं, हे आईवडिलांना त्याच दिवशी सांगून टाकावं.

हल्ली फोटो दूरच्या गावातून थेट मॉनिटरवर येतात. तालुक्याच्या छोट्या दवाखान्यांना त्याचा खूप उपयोग होतो, मीही असे फोटो वाचते. पण त्यांच्याबरोबर पेशंट येत नाही. वय, बाजू आणि 'ट्रॉमा' हा एक शब्द, एवढंच येतं. म्हणून तिकडच्या टेक्निशियनना मी एक विनंती करून ठेवली आहे. दुखऱ्या जागेवर पेननं फुली मारा आणि त्या फुलीचा मोबाईलवर फोटो काढून सोबत पाठवा. ज्यांनी ती मनावर घेतली, त्यांचे रिपोर्ट मी अधिक नेमके देऊ शकते.

पन्नाशी ओलांडलेल्या बाईचं मनगट घरातल्या घरात, उभ्या उंचीवरून पडून मोडलं असेल, तर मोड लिहून माझं काम संपत नाही. अंगणातलं शेवाळ, मोरीतली ओली फरशी अशी कारणं घरचे सांगतात आणि ती खरीच असतात. पण तेवढ्या पडण्यानं मजबूत हाड मोडत नाही. अशी मोड हाडं ठिसूळ होत असल्याची पहिली खूण असू शकते आणि पुढची मोड खुब्याची असण्याची भीती असते. म्हणून रिपोर्टाच्या शेवटी मी हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी सुचवते आणि ही ओळ मराठीत लिहिते. प्लास्टर बांधून घरी गेल्यावर तो कागद बहुधा सून किंवा मुलगीच वाचणार असते.